वाघ गेला तरी छातीतली धडधड का जात नाही?

२०१७ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या जंगलात पकडलेली एक वाघीण जुलै महिन्यात वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पात आणून सोडण्यात आली. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती आणि वनखात्याच्या कागदावर तिचे नाव टी-२७ सी-१ असे होते. ती काही बोरमध्ये थांबली नाही. कपाशी, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागांमधून ती गावोगाव हिंडत राहिली. माणसे दगावली. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, आणि अखेर १४ ऑक्टोबरला कारंजा (घाडगे) तालुक्यातील सिंदीविहिरी येथे जनावरांसाठी शेताला लावलेल्या विजेच्या तारेला लागून ती मेली.

ते अडीच महिने या भागातल्या मजुरांनी कसे काढले असतील याची कल्पना शहरात राहणाऱ्यांना येणार नाही. निंदणाला जायचे तर घोळक्याने जायचे, पांदणीतून चालताना मोठ्याने बोलत चालायचे, आणि रात्री जागलीला गेलेला माणूस सकाळी घरी येईपर्यंत बायकामुलांनी डोळ्याला डोळा लावायचा नाही. वाघीण मेली आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

पण वाचकहो, वाघ मेल्याने सगळीच भीती जात नाही. बचत गटाच्या नाहीतर फायनान्सच्या हप्त्याचा वार जवळ आला की ज्या माऊलीच्या पोटात गोळा येतो, तिच्या शरीरात नेमके तेच घडत असते जे वाघ पाहिलेल्या माणसाच्या शरीरात घडते. फरक एवढाच की वाघ निघून जातो, हप्ता जात नाही. हा फरक साधा नाही. आपल्या घरातील रक्तदाब, मधुमेह, उडालेली झोप आणि रोजची अंगदुखी यांचा पुष्कळसा संबंध या फरकाशी आहे. तो समजून घेण्यासाठी आधी शरीरात काय घडते ते पाहू.

मूत्रपिंडावरच्या टोप्या

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी घातल्याप्रमाणे एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेएवढे. या ग्रंथी रक्तात काही रस सोडतात. अशा रसांना इंग्रजीत हॉर्मोन आणि आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात संप्रेरक म्हणतात. रक्तातून फिरत जाऊन दूरच्या अवयवाला निरोप देणे हे त्याचे काम. १९०५ साली स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हॉर्मोन हा शब्द रूढ केला. त्याच्या चारच वर्षे आधी, १९०१ साली, अमेरिकेत काम करणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अधिवृक्क ग्रंथीतून एक रस शुद्ध स्वरूपात वेगळा काढला होता. तोच अॅड्रेनॅलिन.

समजा, जागलीला बसलेल्या माणसाला तुरीत खसखस ऐकू आली. रानडुक्कर आहे की रोही आहे की आणखी काही, हे कळायच्या आत मेंदूतील भीतीचे केंद्र जागे होते आणि मज्जातंतूंमार्फत अधिवृक्क ग्रंथीला इशारा जातो. क्षणार्धात अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते. हृदय धडधडू लागते, कारण मांडीच्या आणि दंडाच्या स्नायूंना जास्त रक्त हवे असते. श्वासनलिका रुंदावतात. यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात ओतते, कारण पळायला किंवा लढायला इंधन हवे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पोटाकडचे आणि त्वचेकडचे रक्त कमी होते. म्हणून तोंड कोरडे पडते, चेहरा पांढरा होतो, पोटात कसेसेच होते. तळहाताला घाम सुटतो, अंगावर काटा उभा राहतो.

ही सगळी लक्षणे एकदा मोजून पाहा. यातले एकही भेकडपणाचे लक्षण नाही. ही शरीराने चालवलेली लढाईची तयारी आहे. अॅड्रेनॅलिन रक्तात फार टिकतही नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मे संपते. धोका टळला की थोड्याच वेळात माणूस पुन्हा बिडी पेटवून गप्पा मारू लागतो.

मात्र शरीराला एवढ्यावर भरवसा नसतो. संकट लांबले तर काय, याची तजवीज म्हणून दुसरी साखळी सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेला एक भाग वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथीला निरोप देते, आणि ती कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक सोडते. हे सावकाश चढते, त्याचा जोर वीस-तीस मिनिटांनी येतो. रक्तात साखर टिकवून धरायची, गरज पडली तर स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांचीही साखर करायची, आणि जी कामे आज केली नाहीत तरी चालतील ती थांबवायची, असे त्याचे धोरण असते. पचन, वाढ, जखम भरणे, पाळी, गर्भधारणा, रोगाशी लढणे ही सारी कामे त्याच्या दृष्टीने उद्याची. घरात आजारपण आले की आपण लग्नाचा बस्ता पुढे ढकलतो, तसेच हे.

कॉर्टिसॉल पुरेसे झाले की ते स्वतःच मेंदूला सांगते, आता बस. नळाला जशी तोटी असते तशी ही तोटी आहे. आणि गडबड होते ती इथेच. कर्ज, आजारपण, दारुडा नवरा, मुलीच्या लग्नाची काळजी, वर्षानुवर्षे न सुटणारी शेताची भांडणे, यांना शेवट नसतो. बस म्हणायची वेळच येत नाही. मग तोटी नीट बंद होत नाही, आणि उद्यावर ढकललेली कामे वर्षभर उद्यावरच राहतात.

विंचवाने शिकवलेला धडा

ही केवळ मनाची कल्पना आहे, रक्तात काही नसते, असे कोणी म्हणेल तर त्याला विंचवाचे उदाहरण सांगावे. आपल्या महाराष्ट्रातला लाल विंचू चावला की त्याचे विष शरीरातील अॅड्रेनॅलिनच्या जातीच्या रसांचे सगळे कोठार एकदम फोडते. मनात भीती असो वा नसो, रक्तात तुफान येते. रक्तदाब भडकतो, हातपाय गार पडतात, घामाने अंग निथळते, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. पूर्वी कोकणात अशी माणसे, विशेषतः लहान मुले, भराभर मरत.

जालना जिल्ह्यातील देहेड या लहानशा गावातून, गरिबीतून शिकून वर आलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी या तुफानाची एकेक पायरी टिपून ठेवली. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची गोळी या रसांचा मारा अडवते हे त्यांनी ओळखले आणि ती विंचूदंशावर वापरली. मृत्यूचे प्रमाण अगदी थोडक्यावर आले. जगातील मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे काम छापले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात एक स्वस्त गोळी आणि उघडे डोळे एवढ्या भांडवलावर हे काम झाले, हे आपल्या शिकणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावे.

इतके असूनही विंचू उतरवायला मांत्रिकाकडे जाणारे आहेतच. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. छातीत धडधड, हातपाय थरथरणे, एकाएकी घाम फुटणे यांना ‘बाहेरचे’ समजून भगताकडे नेणाऱ्या घरांनीही विंचवाचे हे तुफान लक्षात ठेवावे. तीच लक्षणे आहेत. छातीत कळ येत असेल, श्वास लागत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावे. ती काळजी नसेल तर पुढचे बोलता येते.

अपमानाचे मोजमाप

कोणत्या प्रकारच्या त्रासाने कॉर्टिसॉल सर्वात जास्त वाढते? २००४ साली अमेरिकेतील दोन संशोधक स्त्रियांनी प्रयोगशाळेत झालेल्या २०८ अभ्यासांची एकत्र तपासणी केली. निष्कर्ष असा निघाला की नुसत्या कठीण कामाने ते फारसे वाढत नाही. चारचौघांत आपली लायकी जोखली जात आहे आणि आपण काहीही केले तरी निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वात जास्त चढते आणि उतरायलाही वेळ लागतो.

आपल्या समाजाला हे प्रयोगशाळेत जाऊन शिकण्याची गरज नव्हती. दारात उभे राहून चारचौघांसमक्ष हप्ता मागणारा, वर्गात आडनाव विचारून गप्प होणारा शिक्षक, कामावर घेताना गावकुसाच्या कोणत्या बाजूचे हे पाहणारा मालक, ही सगळी त्याच परीक्षेची रूपे आहेत. ‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असे म्हणणाऱ्याला हे सांगता यावे की मनाला न लावले तरी ते रक्ताला लागते.

लंडनमधील सरकारी कचेऱ्यांतील सुमारे १८ हजार पुरुषांची पाहणी १९६७ पासून सुरू झाली. सगळेच पगारदार, उपाशी कोणी नाही. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वात वरच्या साहेबांच्या तिपटीहून अधिक निघाले. बिडी-सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब वजा केला तरी मोठा फरक शिल्लक राहिला. ज्याच्या हातात आपल्या दिवसाचा लगाम नाही त्याचे हृदय लवकर झिजते, असा त्याचा एक अर्थ काढला जातो.

घरात आजारी माणसाचे करणाऱ्या स्त्रियांबद्दल तर फारच थोडे बोलले जाते. १९९५ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यात एक छोटा पण बोलका प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. सगळ्यांच्या हातावर सारखीच बारीक जखम करून ती किती दिवसांत भरते ते पाहिले. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम सरासरी ९ दिवस उशिरा भरली. सासूचे अंथरूण काढता काढता जिच्या पायाची भेग महिनोन्‌महिने भरत नाही, तिला ‘तुझे लक्षच नाही स्वतःकडे’ असे सुनावण्याआधी तिच्या वाटणीचे काम कोण उचलतो ते पाहावे.

तान्ह्या बाळाच्या आईची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भांडण झाले, धसका बसला आणि दूध आटले, असे बायका म्हणतात. बहुधा दूध आटलेले नसते. दूध बाहेर सोडणारे संप्रेरक वेगळे, ऑक्सिटोसिन. घाबरलेल्या, संतापलेल्या शरीरात ते काही वेळ अडते. अशा आईला निवांत बसू द्यावे, बाळ छातीशी उघड्या अंगाने धरू द्यावे, बाळाला पाजत राहू द्यावे. बहुतेक वेळा दूध पुन्हा उतरते. लगेच डबा आणि बाटली आणण्याची घाई नको. मुलींची पाळी परीक्षेच्या किंवा घरच्या कटकटीच्या दिवसांत मागेपुढे होते तेही याच साखळीमुळे. फार काळ चुकली तर मात्र दवाखाना गाठावा.

पुडीतली पांढरी गोळी

आता सर्वात महत्त्वाचे. गुडघे धरले, कंबर मोडली, दम लागला की गावात फिरणाऱ्या किंवा दुकान थाटून बसलेल्या एखाद्या ‘डॉक्टर’कडून एक सुई आणि कागदाच्या पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या मिळतात. संध्याकाळपर्यंत म्हातारी चालू लागते. लोक म्हणतात, याच्या हाताला गुण आहे. हा गुण कशाचा असतो हे जाणून घ्या.

१९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरने संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचाच भाऊबंद, टोचले. काही दिवसांत ती उठून चालू लागली. जगभर चमत्कार झाला म्हणून गाजावाजा झाला आणि १९५० साली हेंच यांना केंडॉल व राइकस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषध चालू राहिले तसे दुष्परिणाम दिसू लागले. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय काटकुळे, त्वचा पातळ, हाडे ठिसूळ, साखर आणि रक्तदाब वाढलेला. वर्षानुवर्षांच्या ताणाने जी हानी हळूहळू होते, तीच जोरात.

पुडीतल्या गोळीत पुष्कळदा याच कुळातले औषध असते, डेक्सामिथासोन, बीटामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन. यांना लोक एका शब्दात स्टेरॉइड म्हणतात. अंग भरण्यासाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत आणि गोरे करणाऱ्या काही मलमांतही ते सापडते. ही औषधे वाईट नाहीत. दमा, काही सांधेविकार यांत ती माणसाला जगवतात. २०२० साली इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरील कोरोना रुग्णांचे मृत्यू डेक्सामिथासोनने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. मात्र लगेच पुढच्या वर्षी त्याच औषधाचा बेहिशेबी वापर आणि आटोक्यात नसलेला मधुमेह एकत्र आले आणि म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीच्या रोगाने, विदर्भात कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले. त्यावरचे अॅम्फोटेरिसिन-बी इंजेक्शन मिळेना म्हणून २०२१ च्या मे महिन्यात ते आपल्याच वर्ध्यातील एका औषध कारखान्यात बनू लागले होते, हे अनेकांना आठवत असेल.

एक धोका मात्र कोणी सांगत नाही. बाहेरून कॉर्टिसॉलचा जोडीदार रोज मिळू लागला की अधिवृक्क ग्रंथी आपले काम सोडून निजतात. म्हणून कित्येक आठवडे अशा गोळ्या घेतलेल्या माणसाने त्या एकाएकी बंद केल्या तर संकटाच्या वेळी ग्रंथी उठत नाहीत. उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळणे आणि प्रसंगी मृत्यू. तेव्हा हा लेख वाचून घरातल्या आजीची पुडी चुलीत टाकू नका. ती पुडी तशीच घेऊन कारंजाच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर सेवाग्रामला किंवा सावंगीला जा आणि किती दिवसांपासून घेत आहे ते खरे सांगा. डॉक्टर हळूहळू मात्रा उतरवतील.

तोटी बंद करायची तर

दिवसभर वखर मारणाऱ्याला किंवा ऊन्हात सोयाबीन सोंगणाऱ्या बाईला ‘व्यायाम करा’ म्हणून सांगणे हा विनोद आहे. तिला विश्रांती हवी. कॉर्टिसॉलचे एक रोजचे घड्याळ असते. पहाटे उठल्यानंतर ते सर्वात जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. पिकाला पाणी द्यायला वीज रात्रीच्या पाळीत आली आणि वर जागल असली की हे घड्याळ बिघडते. घरात दोन पुरुष असतील तर रात्री वाटून घ्याव्यात, आणि रात्र जागलेल्या माणसाला दिवसा अंधाऱ्या खोलीत निजू द्यावे. तो आळशी नाही.

खर्रा खाल्ल्याने डोके हलके होते असे आपल्याकडे म्हणतात. तंबाखूतील निकोटीन अधिवृक्क ग्रंथीला डिवचून अॅड्रेनॅलिन बाहेर काढते. हलके वाटते ते मागच्या खर्ऱ्याची तलफ भागल्यामुळे. दारूचेही तेच, पहिल्या प्रहरी गुंगी आणि पहाटे तीनला टक्क जाग. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि दारू कुठे मिळते हे जिल्ह्यात कोणाला विचारावे लागत नाही.

धडधड सुरू झाली की श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाला शांत करणाऱ्या मज्जातंतूचा जोर वाढतो. पाच-दहा मिनिटे पुरतात, पैसा लागत नाही. पण श्वासाने हप्ता फिटत नाही हेही तितकेच खरे. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता, तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. कर्जाचा आकडा घरात लपवून ठेवणारा माणूस एकटाच वाघासमोर उभा असतो. तो आकडा बायकोला, भावाला, गटातल्या एकीला सांगितला, बँकेत हप्ते पाडून मागायला चौघे मिळून गेले, तर निकाल थोडा तरी आपल्या हातात येतो. वर सांगितलेल्या २०८ अभ्यासांत नेमकी हीच गोष्ट कळीची ठरली होती.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते. झोप महिनाभर उडालेली असेल, कशात मन लागत नसेल, जगू नये असे वाटत असेल किंवा घरातले कोणी तसे बोलत असेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट लागतो आणि तिथे मराठीत बोलता येते. नंबर भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा. फोन लावून द्यायला आठवीतली मुलगीही पुरेशी आहे.